मीठ कोणी घातलं?

४ ऑक्टोबर

माझ्यावर अन्याय झाला आहे आणि त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. विषय : मीठ.

लग्न झाल्यापासून आमच्या स्वयंपाकघराची घटना ठरलेली आहे. चिरणं, परतणं, ढवळणं हिच्याकडे. मीठ माझ्याकडे. कारण ही मीठ विसरते. पहिल्या वर्षी इतकं अळणी जेवलो की शेवटी मीच चिमूट हातात घेतली. तेव्हापासून मी या संसाराचा लवणाधिकारी. शाळेत संस्कृत शिकवतो, पण तिथे माझं कोणी ऐकत नाही, चुलीपाशी ऐकतात.

आज भोपळ्याचं सूप होतं. भोपळा मागच्या वाफ्यातलाच, आपोआप आलेला. मी विधिपूर्वक चिमूट टाकली. पहिला घोट घेतला — समुद्र! म्हणजे माझ्या आधीच कोणीतरी घातलं होतं.

"मीठ घातलं होतंस?"

"मी? मी कुठे घालते कधी," ही म्हणाली. वाटी बाजूला सारली आणि नुसता पाव खाल्ला.

बस, एवढंच. खरी तक्रार मिठाची नाहीच. वर्षापूर्वीची ही असती तर मला इतक्या स्वस्तात सोडलं नसतं. "महामहोपाध्याय, वय झालं, दोनदा घातलंत" इथून सुरुवात झाली असती आणि रात्रीपर्यंत पुरली असती. पण मागच्या वर्षीच्या आजारपणानंतर ताप गेला, अशक्तपणा गेला, बोलणं मात्र परत आलं नाही. विचारलं तर उत्तर देते. तेही शेजारणीला द्यावं तसं.

डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. म्हणून लांब रजा टाकून गावाबाहेरच्या या घरात आलो. घर माझ्या मावशीचं. ती आमच्या लग्नाच्या आदल्याच वर्षी गेली. हिने तिला पाहिलेलंही नाही. मधली सगळी वर्षं भाडेकरू होते.

डॉक्टरांच्या कसोट्या त्यांच्यापाशी. माझी कसोटी एकच : ज्या दिवशी ही मला मनापासून टोमणा मारेल, त्या दिवशी ही बरी झाली.

७ ऑक्टोबर

रंगकाम. भाडेकरूंनी स्वयंपाकघराला दवाखान्याचा पांढरा फासला होता. मी म्हटलं, पिवळा लावू, प्रसन्न वाटेल. हिने मान हलवली. "हिरवा."

आपणहून काढलेला पहिला शब्द! मी लगेच पिवळ्याचा पक्ष सोडला. हिने डब्यांमधून थोडा पांढरा, थोडा पिवळा, बोटाच्या टोकाने निळा घेऊन काठीने ढवळला. कच्च्या सफरचंदाच्या सालीचा रंग उतरला. कौतुक केलं तर चक्क हसली.

दुपारी भिंतीलगतचं फडताळ पुढे ओढलं. त्याच्या मागे पांढरा पोचलाच नव्हता. जुना रंग तसाच होता. हिरवा. मी ओला ब्रश शेजारी धरून पाहिला. कुठे नवा संपतो आणि कुठे जुना लागतो, ते मला सांगता आलं नाही.

योगायोग. तर्कशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात : कावळा बसायला आणि फांदी मोडायला. हे मी हिला समजावून सांगितलं. पूर्वी म्हणाली असती, "अर्थ पुरे, मीठ घाला." आज शांतपणे ऐकून घेतलं.

८ ऑक्टोबर

चांगली भूक लागली हिला. दोनदा वाढून घेतलं.

१० ऑक्टोबर

अंडीवाल्या बाई आल्या होत्या. शेजारच्या मळ्यात कोंबड्या पाळतात. तोंड सकाळपासून चालू, कोंबड्यांची बरोबरी. मावशीच्या वेळेपासूनच्या.

ही स्वयंपाकघरात सजावट करत होती. गवताची कणसं, जांभळी रानफुलं, खसखशीची वाळलेली बोंडं — जुड्या बांधून तुळईला उलट्या टांगायच्या. बाई बोलता बोलता थांबल्या. हे मी प्रथमच पाहिलं.

"अगं बाई, ही गाठ कोणी शिकवली तुम्हाला?"

"कोण शिकवणार? अशीच बांधतात ना," ही म्हणाली.

बाहेर पडल्यावर फाटकाशी मला म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या मावशींची गाठ आहे ती. डावखुऱ्या माणसाला पडते तशी. मी कितीदा घालून बघितली, उलटीच पडायची."

"आमची ही उजवी आहे हो."

"असेल," म्हणाल्या. "आत्ता नव्हती."

आत येऊन मी दारातच उभा राहिलो. ही चुलीपाशी. डाव्या हाताने डबा उघडला, डाव्याच हाताने मीठ घेतलं आणि जरा उंचावरून, भांड्याकडे न बघता, टाकलं. चव घेतली नाही.

मी चमचा बुडवून चाखलं. मीठ अगदी बरोबर होतं.

१३ ऑक्टोबर

लसूण लावला. तपशील असा की लावला हिने. मी पाकळ्या सोलून देण्याच्या पदावर होतो. टोक वर, बूड खाली. मातीत हात घातला की हिला शिंका यायच्या. आमच्या गॅलरीतल्या कुंड्या त्यापायीच गेल्या. आज कोपरापर्यंत माती, आणि एक शिंक नाही.

"तिकडे नको," मी फावडं मारणार तिथे म्हणाली. "तिथे विटांची कड आहे."

तिथे फक्त गवत होतं. मी मारलंच. खण्णकन वाजलं. गवताखाली, मातीखाली, विटांची कड.

ती कड मला ठाऊक होती — म्हणजे विसरलो होतो, आता आठवली. सुट्टी लागली की आई मला इथे पोचवायची. मी त्या विटांवरून तोल सांभाळत चालायचो, शब्द चालवत : रामः रामौ रामाः, एका विटेला एक रूप. मावशी खिडकीतून ओरडायची, "वाफ्यात पडलास तर चतुर्थी चुकेल रे!" सुट्टी संपली की तीच माझी पिशवी भरायची. सदऱ्यात गुंडाळलेली जॅमची बरणी सगळ्यात वर.

हे सगळं मी हिला कधीतरी सांगितलं असणार. एवढ्या वर्षांच्या संसारात मी काय काय बडबडलो असेन. विटांचंही सांगितलं असेन. रंगाचंही. गाठीचंही?

गाठ मला स्वतःलाच ठाऊक नव्हती.

१४ ऑक्टोबर

गाणं गुणगुणत होती. चाल ओळखीची. विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, द्या बाईंना. ही त्यांच्याशी भरभरून बोलली. लसूण, रंग, मागच्या झाडाची सफरचंदं यंदा किती उतरली ते. मग फोन माझ्या हातात.

"अहो सर, कमाल आहे! अगदी दुसऱ्याच बाई वाटतात!"

मी आभार मानले. त्यांनी औषध निम्मं केलं.

मी आनंदात असायला हवं. गाल भरलेत, झोप लागते, सकाळी माझ्या आधी उठून अंगण झाडलेलं असतं. फडताळावर फांद्यांची आरास, खिडकीत कापडाचे नवे पडदे. वर्षभर मी जे जे मागत होतो ते सगळं मिळालं. फक्त ज्या पत्त्यावर मागवलं होतं, तिथे आलं आहे की नाही, अशी शंका येते.

आणि टोमणा नाही. गोड बोलते. आमच्यात ही पद्धत कधीच नव्हती.

१७ ऑक्टोबर

लेकीचा फोन. लग्न करून दूर असते. आईच्या आजारपणात रोज फोन करून रडायची. आज हसत होती.

"बाबा, आई किती छान बोलली! अर्धा तास! मला पडदे कसे शिवायचे ते शिकवलं. आईला शिवता येतं?"

"इथे येऊन शिकली," मी म्हटलं.

"एक गंमत मात्र झाली हं. फोन ठेवताना म्हणाली, 'गुणी आहेस गं. तुझ्या आईला जप.'"

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, जपतेय की! बाबा, थट्टा करत होती ना?"

मी हो म्हटलं. विद्यार्थ्यांना खोटं बोलू नका म्हणून शिकवण्यात आयुष्य गेलं.

१९ ऑक्टोबर

आज प्रयोग केला. पूर्वपक्ष असा : टोमणा आपोआप येत नसेल तर त्याला निमित्त द्यावं.

बटाटा आणि कांदापातीचं सूप. ही अंगणात गेली तेव्हा मी त्यात मूठभर मीठ टाकलं. चिमूट नव्हे, मूठ. जिभेवर ठेवणं अशक्य. मनाशी म्हटलं, आता बघू. "विष द्यायचं तर साखर तरी घालून द्या," "लवणाधिकाऱ्यांना निलंबित करा" — मी तिची वाक्यं आधीच रचून ठेवली होती. तिच्याइतकी चांगली जमली नाहीत.

बसलो. हिने पहिला चमचा घेतला. थांबली. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं, आली! आता बोलणार!

हिने दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. सगळी वाटी संपवली, पावाच्या तुकड्याने पुसूनसुद्धा घेतली. डोळ्यांत पाणी आलं होतं, मिठाचंच असावं. मग हात पुढे करून माझ्या केसांवरून फिरवला.

"छान केलंस रे. पहिल्यांदा जरा जास्त पडतंच."

'रे'? लग्नापासून हिने मला 'अहो' म्हटलंय. भांडतानाही, तेव्हा तर जास्तच. आणि असे पोराला थोपटल्यासारखे केस हिने कधी कुरवाळले नाहीत.

मी माझी वाटी तशीच ठेवून बाहेर आलो. लसणाला कोंब आलेत.

२० ऑक्टोबर

विचारलंच शेवटी. सरळ. "अगं, आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, आठवतं का?"

ही पडद्याला धावदोरा घालत होती. "इथेच की. किती लहान होतास. गाडीतून उतरलास तो रडतच."

आम्ही भेटलो ग्रंथालयात. मी सांगितलेला एका शब्दाचा अर्थ हिने कोशात बघून चुकीचा ठरवला होता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात अपमानास्पद आणि सगळ्यात चांगला दिवस.

"ग्रंथालयात," मी म्हटलं. "कोश घेऊन. आठव ना."

सुई थांबली. क्षणभर — मी शपथेवर सांगेन — कपाळाला ती आठी पडली. तिची आठी. चूक पकडताना पडायची तीच. ओठ उघडले.

"अहो..." म्हणाली.

मी श्वास धरून बसलो. वारा आला, तुळईवरच्या जुड्या हलल्या, बोंडांमधल्या बिया खुळखुळल्या. आठी गेली. दोरा दाताने तोडला आणि गुणगुणायला लागली.

२१ ऑक्टोबर

सगळ्या जुड्या काढून मळ्याच्या कडेला टाकून आलो. अंडीवाल्या बाईंनी पाहिलं. मी परत येईपर्यंत नव्या बांधून झाल्या होत्या. त्याच गाठीच्या.

रागावली नाही. "हट्टी आहेस," एवढंच, हसून. टोमणा म्हणून हे धरता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

२३ ऑक्टोबर

मी म्हटलं, चल, शहरात परत जाऊ. आजच. ही सफरचंदं कागदात गुंडाळून पेटीत लावत होती, एकाला दुसरं लागणार नाही अशी. न बघता म्हणाली, "तुला जायचंच आहे. मला कुठे जायचंय?"

हात धरून उठवायला गेलो. हात गार. उठली नाही — म्हणजे विरोध केला नाही, पण उठलीही नाही. घर उचलायला जावं तसं वाटलं.

हिचा चष्मा आल्या दिवसापासून खिडकीत पडून आहे. काचांवर धूळ. मी पुसून ठेवला.

२४ ऑक्टोबर

रजा संपायला अवकाश आहे. तरी आज सकाळी माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. वर सदऱ्यात गुंडाळलेली जॅमची बरणी. हिने माझ्या गळ्याभोवती मफलर दोनदा फिरवला, टोक मागे खोचलं आणि म्हणाली, "आता मागे वळून बघू नकोस. म्हणजे रडू येत नाही."

हे मावशीचं वाक्य. दर सुट्टीच्या शेवटचं. हे मी हिला सांगितलेलं नाही, आईला सांगितलेलं नाही, या वहीतही आजवर लिहिलेलं नाही.

पिशवी अजून दाराशीच आहे. ती बाहेर लसणाला पाणी घालते आहे.

मावशी आली असेल तर राहू दे. घर तिचंच आहे, आणि तिची मला कधीच भीती वाटली नाही. काळजी एकच आहे : माझी बायको कुठे आहे ते मला माहीत नाही. आणि मी इथून गेलो, तर त्या दिवशी आली तशी एखाद्या क्षणापुरती ती परत येईल, "अहो" म्हणेल, आणि ओ द्यायला घरात कोणी नसेल.