यंदाची बरसी घरीच

२ जाने., शुक्र.
हिराजीकाकांनी गेटला कुलूप घातलं. अब्बांच्या कबरीकडे जाणारी वाट त्यांच्या शेतातून, दुसरी नाही. मोजणीत ती त्यांच्या हद्दीत निघाली, तर इक्बालने मोजणीचे दगड उपटून ओढ्यात फेकले. माझा धाकटा भाऊ. बेचाळीस वर्षांचा! बरसी सतराला. अम्मीला सांगितलेलं नाही. शाळेत फळ्यावर एकच वाक्य दोनदा लिहिलं, मुलींनी दाखवून दिलं.

४ जाने., रवि.
इक्बाल म्हणतो, वीस माणसं नेऊ, कुलूप तोडू. "आपा, बापाच्या कबरीवर जायला परवानगी मागायची?" खरं तर मलाही तोडावंसं वाटतं.
अम्मीला शेजारणीकडून कळलंच. एवढंच म्हणाली, "यंदा चुकलं तर पुढच्या बरसीला मी असेन का?" एक्क्याऐंशी वय, त्यात ते अधू हृदय.

६ जाने., मंगळ.
शाळा सुटल्यावर सुकापूरला काकांकडे, एकटीच. काका अंगणात होते. चहा विचारला नाही. पहिल्यांदाच.
"मास्तरीणबाई, दगड कोनी उपटले? आमी का तुमी?"
म्हटलं, आम्ही.
त्यांचा मुलगा प्रवीण दारातूनच, "येऊ द्या सतराला. आमची पन मानसं हायत."
गेटला लागून एक खोली. आत प्रवीणची बायको, सातवा महिना, डॉक्टरांनी अंथरुणावरून उठू नको म्हटलंय. मला ठाऊकच नव्हतं. खिडकीपासून गेट पाच पावलं. वीस माणसं इकडची, वीस तिकडची...

९ जाने., शुक्र.
जुम्मा. इक्बाल मशिदीबाहेर माणसं जमवत होता.
अम्मीला त्या खोलीचं सांगितलं. तस्बीहचे मणी थांबले. मग हुदैबियाच्या तहाची गोष्ट, लहानपणी शंभरदा ऐकलेली. हुजूर पैगंबर मक्क्याच्या तोंडाशी येऊन उमऱ्याची यात्रा न करता परत फिरले. तहाच्या कागदावर 'अल्लाहचे रसूल' हे शब्द मक्केवाल्यांना नको होते, तेही पुसले. सोबतचे लोक किती तळमळले. आणि अल्लाहने त्यालाच उघड फतह, विजय म्हटलं.
"दोन्हीकडचे हात त्यानेच रोखले," अम्मी म्हणाली. "मक्क्यात ईमानवाले होते, ह्यांना माहीत नसलेले. लढाई झाली असती तर ते पायाखाली आले असते."
विचारलं, मग तू नाही गेलीस तरी चालेल? तिने तस्बीह पुन्हा सुरू केली.
ते हुजूर होते. मी भीतीलाच सुलह, समेट म्हणत असेन तर?

११ जाने., रवि.
कागद झाला. काका, मी, मध्ये निवृत्त ग्रामसेवक. दगड आम्ही परत लावायचे. यंदा कुणी जायचं नाही. पुढच्या वर्षापासून वाट खुली, फक्त घरच्यांना.
मी 'वहिवाटीचा हक्क' लिहिलं होतं. काका म्हणाले, "हक्क नाय. परवानगी लिवा." शेवटी मीच खोडलं.
निघताना काका म्हणाले, "तुमचा बाप माझ्या बापाला खांदा द्यायला आल्ता. इसरलो नाय मी."
मग हे सगळं कशाला?

१२ जाने., सोम.
तिसऱ्या तासाला एकदम लक्षात आलं. वर्षभरात अम्मीचं काही झालं, तर मयत न्यायची कुठून? तिला अब्बांशेजारीच जायचंय. कागदात एक ओळ नाही. सुचलं नाही, की विचारायचा धीर झाला नाही?

१३ जाने., मंगळ.
इक्बालला कागद दाखवला. 'परवानगी'वर बोट ठेवून म्हणाला, "अब्बांना तू पाहुणा केलंस." न जेवता गेला. दगड लावायला येणार नाही.

१४ जाने., बुध.
संक्रांतीची सुट्टी. पहार घेऊन मीच गेले. ओढ्यातून दोन दगड काढले, सलवार चिखलाने भरली. तिसरा हलेना. मागून कुणीतरी पहार घेतली. इक्बाल! चारही दगड लावले. प्रवीण बांधावर उभा राहून बघत होता.

१७ जाने., शनि.
बरसीची फातेहा घरीच पढली. इक्बाल नव्हता. माणसं घेऊन गेला असेल तर?
साडेतीनला आला, एकटाच. गेटपाशी जाऊन उभा राहिला होता म्हणे.
"प्रवीण आला. म्हणाला, बाबा उरणला गेलेत. कुलूप काढतो, पाच मिनिटांत जाऊन ये."
"मग?"
"मी नको म्हटलं. यंदा नाही असं लिहून दिलंय ना आपण."
मला रडू आलं, अभिमानानेच. पण अम्मी पलंगावर उठून बसली. "उघडत होता? मग फोन का नाही केलास? मी रिक्षाने आले असते."
मी हुदैबियाचं नाव काढलं. "मला नको शिकवूस," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.
अस्रची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली. वजूला, हातपाय धुवायला पाणी हवं म्हणाली. इक्बाल तांब्या घेऊन उठला.
"तू नको."
मी दिलं. तो अजून दारातच उभा आहे.