नदीकाठची पिंपं

प्रिय दादा,

बाबांचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही, असं तू बजावलं होतंस. पण सफाईच्या तुकडीत आम्ही महिनाभर नदीकाठची विषारी माती उपसतोय, तरी पाण्यात कुठूनतरी तेल उतरतंच आहे. शेवटी काल बाबांनाच विचारलं, "कारखान्याची पिंपं तुम्ही कुठे पुरलीत?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "चल, दाखवतो."

त्यांनी आठ जागा दाखवल्या. आठव्या जागी फुटकं पिंप निघालं.

"कोणी सांगितलं?" तुकडीच्या साहेबांनी विचारलं. मी खोटं बोलणार, तेवढ्यात बाबांनी हात वर केला. "मीच पुरलंय."

आज खोदकामावर यायला ते माझ्याआधी तयार होऊन दारात उभे आहेत. हे पत्र तुला पाठवायचं धाडस मात्र मला होत नाही.

तुझी,
धाकटी