पाळण्यात बसणारी तुझी आई

आचरा, पौष महिना, १९५८

प्रिय हरिश्चंद्रा,

अनेक आशीर्वाद. पत्राचं कारण शेवटी लिहीन, आधी राग लिहिते. तुझं पत्र पोचलं. मी चौथीपर्यंतच शिकलेली, पण तू लिहिलंस ते एवढं टोचरं होतं की कुठे अडखळायला झालं नाही. आईला जत्रेत पाठवू नये, विधवा बाईने सत्तरीत पाळण्यात बसून झुलणं शोभत नाही, कुडाळच्या तुझ्या सासऱ्यांनी डोळ्यांनी बघितलं आणि त्यांना मान खाली घालावी लागली. खाली कशाला? पाळणा वर होता. तोंड वासून वरच बघत होते. आणि बोट करून त्यांना दाखवलं कोणी? तुझ्या भिकाजीकाकांनी. सख्खी भावजय, पण कळ लावल्याशिवाय त्यांचा घास उतरत नाही.

आणि ते कॅलेंडर कोणी पाठवलं? तूच. हापिसातलं फुकटचं. आईला एकादशा कळतील म्हणालास. म्हातारीला अक्षर येत नाही, तेव्हा वाचायला मी. सकाळी चुलीपुढे फुंकणी घेऊन बसले की हिचं सुरू, "सुभद्रे, आज काय आसा गो?" संकष्टी म्हटलं, तर ज्या गावात जत्रा त्याच गावच्या गणपतीला दुर्वा वाहायच्या असतात. अमावास्या म्हटलं, तर नारळ. काही नाही, नुसता बुधवार म्हटलं, तर घरातली केरसुणी झिजली, आणि केरसुणी म्हणे जत्रेतच बरी मिळते. तोंडात दात नाही एक, आणि खाजं आणायला निघते! कार्तिकापासून हेच. पाळणेवाला गाडीत लाकडं घालून ह्या गावातून त्या गावात, आणि ही त्याच्या मागे. देवीची ओटी तर हुकमी कारण. ती स्वतः भरू शकत नाही, सवाशीण लागते, म्हणून मला ओढायचं. तुझे दादा जहाजावर सुखरूप आहेत, म्हणून माझं कुंकू हिच्या कामाला येतं. मी ओटी भरून देवळाच्या पायरीवर टेकते तोवर ही पाळण्यात.

मला काय कौतुक नाही वाटत. घरी भात सडायचं पडलेलं असतं. एकदा भर जत्रेत मी तिच्यावर ओरडले, लाज वाटत नाही का म्हणून. ती पाळण्यातून उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भांडतस कित्याक गो? वरसून खाली येताना पोटात खड्डो पडता. लाटेर मचवो असोच पडात काय गो?"

मला विचारते! मी कधी चढले मचव्यावर? तुझे वडील मचव्याचे तांडेल होते, शिडाच्या जोरावर मुंबईपर्यंत माल न्यायचे. ही जन्मभर भाकऱ्या आणि पाण्याचे हंडे डोक्यावर घेऊन कंबरभर पाण्यात जायची, वर द्यायची आणि मागे फिरायची. बाईमाणूस मचव्यावर चढलं की वारा पडतो म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा तू पाच वर्षांचा. नाकातला शेंबूड पुसायची अक्कल नव्हती, पण तुला वर उचलून घेतलं. तू वरून तिला हात हलवलास. मी तिच्या मागेच उभी होते. लुगडं छातीपर्यंत भिजलं तरी मचवा दिसेनासा होईपर्यंत ती पाण्यातून बाहेर आली नव्हती. मला तेव्हा वाटलं होतं, पोरासाठी उभी आहे.

तुला रजा मिळत नाही. गणपतीला नाही, शिमग्याला नाही. तिला अक्षर येत नाही आणि त्या कॅलेंडरात शंभर कारणं सापडतात. तुला इंग्रजीसुद्धा वाचता येतं, तुला एक सापडत नाही. आणि हुकूम सोडायला मात्र फुरसत आहे.

आता कारण. काकांनी पाळणेवाल्याला दम भरलाय. तो गरीब घाबरला. मला म्हणाला, "वयनी, एकट्या म्हातारेक मी बसवूचंय नाय. काय झाला तर माझ्या गळ्याक. सोबत कोण बसात तर बघूया." तेव्हापासून म्हातारी सकाळी आज काय आहे तेही विचारत नाही. मी चुलीपुढे वाट बघते, ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. शेवटी आज मीच सांगितलं, शुक्रवारी पलीकडच्या वाडीत जत्रा आहे, मी बसते तुमच्यासोबत. मला तो पाळणा लांबून बघूनच मळमळतं. पण बसणार. तू हे वाचशील तोवर तुमच्या घरातल्या दोन्ही बायका वर जाऊन आलेल्या असतील. काकांना कळवायचे कष्ट नकोत म्हणून मीच कळवते. शिवरात्रीपर्यंत पाळणा फिरतोय, आणि आमच्या समोरची फळी रिकामी असते. यायचं तर बोटीनं ये, नाहीतर पत्रं लिहू नकोस. कॅलेंडरही बघत बसू नकोस. ह्या शुक्रवारच्या चौकोनात काहीसुद्धा छापलेलं नाही, मी तिला तसं सांगितलं. ती बसल्या जागी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "शुक्रवार आसा मां? मगे झाला."

तुझीच, राग अजून न उतरलेली,
सुभद्रावहिनी