येतो म्हणजे हजर

१२ जानेवारी, सोमवार. विटा.
आजपासून पहाटे पाचला उठायचं. आधी कोडिंग, मग प्राणायाम, मग परत कोडिंग. आज साडेआठ झाले, पण सोमवार धरत नाहीत.

मोठी बातमी. आपल्या सातारा-सांगलीच्या डेव्हलपर ग्रुपला, आपण वापरतो त्या ऑफिस-चॅट ॲपच्या कंपनीचा अधिकृत चॅप्टर, म्हणजे शाखा, व्हायचा चान्स आहे. ८ फेब्रुवारीला विट्यात मीटअप. तो बघायला कंपनीच्या कम्युनिटी टीममधून साक्षी मॅडम पुण्याहून येणार. गर्दी दिसली की चॅप्टर पक्का. चॅप्टर लीड कोण होणार हे मी लिहायला नको.

छोटी बातमी. संयोगिताला साताऱ्यात कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागली. ९ ला जॉइनिंग. म्हणत होती, तुमी बी चला, लॅपटॉप काय कुठंबी चालतोय. समजावून सांगितलं की विट्याचा लीड साताऱ्यात राहून कसं चालेल. मीटअप झाला की बघू म्हटलं. उठून भांडी आवरायला गेली. बायको समजूतदार मिळाली आहे.

१५ जानेवारी
टूल तयार. नाव 'हजर'. चॅटमध्ये बसणारा बॉट. कोण येणार, कोण नाही, यासाठी फॉर्म भरून घ्यायची कटकट संपली. माणसं ग्रुपवर बोलतात, हजर ऐकत असतो. कोणी 'येतो', 'येते' म्हटलं की नाव यादीत. 'जातो', 'जाते' म्हटलं की येणार नाही. दोनच नियम. मोठमोठ्या कंपन्या मराठी शिकवायला मशीनच्या मागे लागल्यात, मी दोन ओळींत विषय मिटवला.

इतर डेव्हलपरना आपापले बॉट बनवता यावेत म्हणून हजरचं किटसुद्धा नेटवर टाकलं. डाउनलोड जोरात. बरेचसे माझ्याच लॅपटॉपवरून झालेत, पण टेस्टिंग म्हणजे वापरच की.

१६ जानेवारी, संध्याकाळ
ग्रुपवर हजर सोडला. सहा वाजले आणि कोणी काही विचारलेलं नसताना एकेक जण 'चला, येतो' लिहायला लागला. नानासोंनी लिहिलं, 'बरं गड्यांनो, येतो.' नानासो साखर कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतात, एका बोटानं टाइप करतात, पण उत्साह बघा. पहिल्याच दिवशी सतरा नावं. खरं सांगायचं तर डोळे भरून आले.

१९ जानेवारी
घरचा पण चॅनेल काढला. नाव 'घर'. घराबाहेर पडताना त्यावर लिहायचं, असा नियम केला. संयोगिता बाजारात निघाली की 'येते' लिहिते. हजर सांगतो, संयोगिता येणार. आणि ती येते. याला म्हणतात अचूकता.

बाबांनी, म्हणजे रिटायर्ड सुभेदार मानसिंग यांनी, आत्तापर्यंत एकच मेसेज टाकलाय: 'चहा'. आई फोनला हात लावत नाही.

२० जानेवारी
पाचचा गजर लावला होता. संयोगितानं बंद केला म्हणे, कारण तो तिच्याच उशाशी वाजत होता. सपोर्ट नाही.

२३ जानेवारी
अजमल येऊन गेला. शाळेपासूनचा दोस्त, तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं सॉफ्टवेअर बघतो, ग्रुपचा माझ्या जोडीचा ॲडमिन. म्हणाला, शंभू, माणसं सांच्याला काम सुटलं की येतो म्हणत्यात रं. निरोप घेत्यात ती. जातो म्हणू न्हाई म्हणून येतो म्हणत्यात. तुझ्या मीटअपला कोण येत न्हाई. मी म्हटलं, एज केस आहे, म्हणजे अपवाद. तो म्हणाला, आरं, समदीच येज केस हाय मग.

जळतोय. त्यालाच लीड व्हायचं असणार. त्याची ॲडमिनशिप काढून टाकली. वाईट वाटलं, पण लीडरला कठोर व्हावं लागतं.

२८ जानेवारी
यादीत एकशे तीस. ग्रुपमध्ये माणसं शहाण्णव. नानासोंचं नाव आठ वेळा आलंय. घरची मंडळी आणत असणार. जेवण वाढवायला लागेल.

१ फेब्रुवारी
संयोगिताला कॉलेजचं क्वार्टर मिळतंय. एकटीसाठी की दोघांसाठी ते कळवायचं होतं. आवं, काय सांगू, म्हणून दारात उभी होती. मी हॉलवाल्याशी फोनवर. हातानंच 'नंतर' केलं. जेवताना आई म्हणाली, तिनं एकटीचं सांगितलं. ठीक आहे, नंतर बदलता येतं तसलं सगळं.

बाबांना हजर दाखवला. म्हणाले, फौजेत हजेरी माणूस बघून घेत्यात. जुनी टेक्नॉलॉजी.

५ फेब्रुवारी
जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या भामाबाईंना दोनशे पानांचं सांगितलं. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की का. माणसांचा माणसांवर विश्वास राहिला नाही. साक्षी मॅडमना मेल टाकली: हाउसफुल.

संयोगिताची गाडी रविवारी दुपारी एकची. आता तिचं एकच मागणं. म्हणाली, साताऱ्याला येऊ नका, ऱ्हाऊ द्या, पण स्टँडवर तरी या. आलात तर दर शनिवारी मी घरी येत जाईन. न्हाई आलात तर मी काय समजायचं ते समजीन. मी हो म्हटलं. हॉल स्टँडच्या समोर, डेमो साडेबाराला संपतो. पाच मिनिटांचं काम, त्याला एवढं गंभीर तोंड कशाला.

८ फेब्रुवारी, सकाळ
पाचला उठलो. इतिहास.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
शांतपणे लिहितो.

वेळ दहाची. बारा वाजेपर्यंत हॉलमध्ये साक्षी मॅडम, नानासो, माइकवाला आणि अजमल. अजमलला मी बोलावलं नव्हतं. मॅडमनी हळूच विचारलं, बाकीचे कुठे आहेत. लग्नसराई आहे, म्हटलं. मग चौघांसमोर सुरू केलं, आवाज मात्र दोनशे माणसांचा ठेवला.

पडद्यावर हजरची यादी उघडली. दोनशे अकरा. मॅडमनी आकडा बघितला, मग खुर्च्या बघितल्या. मी म्हटलं, लाइव्ह दाखवतो, ग्रुपवर काहीही लिहा. नानासोंनी एका बोटानं बराच वेळ लावून लिहिलं: 'बरं, येतो.' आणि उठून चालायला लागले. कारखान्यात ड्युटी होती म्हणे. ते दाराबाहेर पडले आणि पडद्यावर दोनशे बारा झाले. माइकवाला मोठ्यानं हसला. मॅडम हसल्या नाहीत, ते जास्त लागलं.

पावणेएक वाजला. लॅपटॉप माझाच, त्यामुळे पडद्यावर 'घर' चॅनेल वर आला. संयोगितानं लिहिलं होतं, 'जाते.' खाली हजरनं लगेच टाकलं: 'संयोगिता येणार नाही.' भिंतीएवढ्या अक्षरांत.

अजमल उठला. म्हणाला, पंधरा मिन्टं हायत गड्या, पळ. मॅडम म्हणाल्या, तुम्ही जा, इथलं राहू द्या. मी म्हटलं, प्रश्नोत्तरं बाकी आहेत. कोणाला काही प्रश्न आहे का, विचारलं. माइकवाल्यानं विचारलं, माइक काढू का.

असू दे म्हटलं. खिडकीतून स्टँड दिसत होता. साताऱ्याची गाडी वेळेवर सुटली. एरवी कधी सुटत नाही. अजमल स्टँडवर जाऊन आला आणि म्हणाला, ती वर चढस्तोवर हिकडंच बगत हुती. मग त्यानं आणि भामाबाईंनी जेवण टेम्पोत घालून आश्रमशाळेत पोचवलं. मी पोस्ट टाकली: मीटअप यशस्वी, दोनशेहून जास्त प्रतिसाद.

९ फेब्रुवारी
मॅडमची मेल. आभार. चॅप्टरचा विचार पुढे करू. शेवटी अजमलचा नंबर मागितलाय. दिला नाही. नंतर दिला.

संयोगिताला मेसेज केला: काल घाईत तुझ्याकडून 'येते'च्या जागी 'जाते' गेलंय. दुरुस्त कर, डेटा खराब होतो.

११ फेब्रुवारी
आई दोन दिवस बोलत नव्हती. आज बोलली. म्हणाली, लगीन होऊन आल्यापासनं ती पोर शेजारी विरजण मागाया निघाली तरी येते म्हणायची. रविवारी माझ्या पाया पडली आन् जाते म्हणाली, तवाच मी वळखलं. तुला सांगाया निघाले हुते, तुझ्या बापानं अडवलं. म्हणाला, त्याला बॉट सांगंल.

दुपारी संयोगिताचं उत्तर आलं. 'चुकून नाही लिहिलं.' एवढंच. परत परत वाचलं. लय वाईट वाटलं. हे इथं लिहायला हरकत नाही, ही डायरी कोण वाचतंय.

मग काहीतरी करावं म्हणून हजरचा लॉग उघडून तपासायला बसलो. कोण येणार म्हटलं होतं आणि कोण आलं, एकेक नाव बघत गेलो. जेवायची वेळ टळली. कोणी हाक मारली नाही. एवढ्या सगळ्या नावांत 'येणार नाही' असं हजरनं एकदाच म्हटलं होतं, आणि ते शंभर टक्के बरोबर निघालं. स्लाइडवर टाकण्यासारखं तेवढंच आहे, आणि ते टाकता येत नाही.