तुझ्या वाट्याची अक्षरं

प्रिय मास्तरीण,

आजोबा चालू आहेत. तू पहिल्यांदा हेच विचारशील, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. बालगृहाच्या जिन्याखालच्या खोलीत आपला म्हातारा सर्व्हर अजून घरघरतोय. तू भिंतीवर चिकटवलेल्या सूचना मी अजून पाळतो. पंखा रंगाच्या ब्रशने झाडायचा, फडक्याने नाही. कारण नसताना मशीन बंद करायचं नाही. म्हातारं माणूस एकदा आडवं झालं की उठेलच असं नाही. कुठलीही कमांड आधी वहीत लिहायची, मग टाइप करायची. बिघडलं की शेवटचा हात कुणी लावला ते शोधायचं, बहुतेक वेळा तो आपलाच असतो. आणि बॅकअप घेतला म्हणून निर्धास्त राहायचं नाही, दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडून बघायचा. दर महिन्याला उतरवतो मी. उतरतो अगदी नीट, फक्त कुलपासकट उतरतो.

तारीखही तू ठेवलीस तशीच आहे. त्या सॉफ्टवेअरला पुढची सालं कळत नाहीत म्हणून तू घड्याळ वीस वर्षं मागे नेलं होतंस ना? त्यामुळे त्या खोलीत मी अजून वीस वर्षांनी तरुण आहे. गुडघ्यांना तेवढं कुणी कळवलेलं नाही.

मंगळवारी एक बाई येते. शिवणकाम करते, मोजायची पट्टी गळ्यातच विसरून येते. ती आठ दिवसांची असताना तिची आई आपलं नाव नोंदवून तिला बालगृहात सोडून गेली होती. या वर्षी नियम बदलला; मोठ्या झालेल्या मुलांनी मागितलं तर आईचं नाव सांगायचं. तिने त्याच आठवड्यात अर्ज केला. मला म्हणाली, भेटायला जाणार नाही, त्रास देणार नाही, नुसतं नाव सांगा. आता असे एकशे सत्तावीस अर्ज माझ्या टेबलावर आहेत, आणि नावं फक्त आजोबांच्या पोटात, कुलपाच्या आत. तिला मी दर मंगळवारी सांगतो की जुनं मशीन आहे, वेळ लागतो. ती बिचारी आजोबांची तब्येत विचारून जाते.

कुलूप आपणच घातलं होतं. आईचं नाव कुणा एकट्याला बघता येऊ नये म्हणून पासवर्डचे दोन भाग केले, अर्धा माझा, अर्धा तुझा. आधी मी टाइप करायचो. मग "झाली माझी, आता तुझी पाळी" म्हणून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो, शिक्षा झालेल्या पोरासारखा, आणि तू मागून हसायचीस. अकरा वर्षं मी ती भिंत पाहिली. एकदाही मागे वळून बघितलं नाही. पण कान उघडे होते. तुझा भाग मला ऐकून पाठ आहे. चार टकटक, मग स्पेसबारचा ढप्प, मग पाच टकटक. एवढ्यावर मी चौदाशे अंदाज करून पाहिले. फुलं, पाखरं, तुझ्या शाळेचं नाव, एकदा तर लाज सोडून माझंच नाव. एकही लागला नाही.

आता जे नऊ वर्षं सांगितलं नाही ते सांगतो. तू नोकरी सोडून गेलीस त्या दिवशी माझ्या टेबलावर बंद पाकीट होतं. वर तुझ्या अक्षरात माझं नाव. पंधरा दिवस मी तुला "जाऊ नकोस" म्हणायची जुळवाजुळव करत होतो आणि माझी जीभ रेटली नव्हती. मला वाटलं, आत निरोपाच्या चार गोड ओळी असणार. मला ओळी नको होत्या, तू हवी होतीस. रागाच्या भरात मी ते पाकीट न उघडता कागद कातरायच्या मशीनमध्ये घातलं. महिन्याभराने तू फोनवर विचारलंस, पाकीट मिळालं ना? मी हो म्हणालो आणि फोन ठेवून दिला.

भिंतीवरची शेवटची सूचना तेवढी माझ्या अक्षरातली आहे. सोडून जाणाऱ्याने आपला अर्धा भाग बंद पाकिटात घालून दुसऱ्याला द्यावा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! नऊ वर्षं मी त्या ओळीखाली बसून चहा प्यायलो आणि या वर्षी अर्ज आले तेव्हा ती वाचली. शेवटचा हात माझाच निघाला.

हे फोनवर सांगून तुझा भाग तुलाच विचारता आला असता, असं कुणालाही वाटेल. पण हे पत्र तू वाचत नाहीयेस, तुझी धाकटी बहीण तुला वाचून दाखवते आहे. ती म्हणते, ताईला आता माझंही नाव आठवत नाही. म्हणून मी आजोबांचा जुना कीबोर्ड काढून तिच्याकडे पाठवला. डोक्यातून गेलं तरी बोटांत राहतं म्हणतात. गेल्या रविवारी तिने तो तुझ्या मांडीवर ठेवला आणि मी फोन कानाला लावून बसलो. चार टकटक. ढप्प. मग पाच. मास्तरीण, मी रडलो गं. मग बहिणीने सांगितलं की ताईने नऊच्या नऊ वेळा एकच बटण दाबलं. ताल राहिलाय, अक्षरं गेलीत. येत्या रविवारी ती आधी हे पत्र वाचेल आणि मग कीबोर्ड ठेवेल. त्यातून काही निघेल असं मला वाटत नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तरी मी फोन घेऊन आपल्या खोलीत उभा असेन, भिंतीकडे तोंड करून. झाली माझी. आता तुझी पाळी.

तुझाच,
भिंतवाला