आधी साखर खाली येऊ दे

प्रिय ताई,

तुझा फोन ठेवला आणि तशीच कागद घेऊन बसले. फोनवर मला खरं बोलता येत नाही गं. तू "डोळ्यांचं काय?" विचारतेस आणि माझं तोंड आपोआप "सगळं ठीक" म्हणून मोकळं होतं. कागदावर निदान तू मध्ये बोलत नाहीस. अक्षर खालीवर झालंय, सांभाळून घे.

दुकान बरं चाललंय. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, कोटाला अस्तर लावणं, नेहमीचंच. गेल्या महिन्यात मापाच्या टेपवरच्या रेघा मध्येच वाकलेल्या दिसायला लागल्या. म्हटलं, टेप जुनी झाली, ताणली गेली असेल. नवी आणली. तीही वाकडी! दुकानदाराशी भांडून बदलून घेतली, तर तो म्हणाला, "बाई, टेप सरळ आहे, तुम्ही आज जरा घरी जाऊन झोपा." मग एका शिक्षिकेची पँट शिवली, तर एक पाय दोन बोटं आखूड. ती हसत म्हणाली, "माझा पायच आखूड निघाला की काय?" मीही हसले. ती गेल्यावर उजवा डोळा मिटला आणि दाराच्या चौकटीकडे पाहिलं. चौकटीला मधोमध पोट आलेलं.

दीड वर्षापूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचली आहे, दर चार महिन्यांनी दाखवायचं. त्यानंतर मी एकदाच गेले. तेव्हा दिसत होतं गं, अगदी स्वच्छ. शिवाय तपासायच्या आधी डोळ्यात ते थेंब घातले की दिवसभर सुईत दोरा ओवता येत नाही. पण खरं कारण तेही नाही. त्या दिवशी माझा रिपोर्ट बघून तिथला एक कर्मचारी बाकावरच्या सगळ्या पेशंटांसमोर म्हणाला, "खाण्यावर ताबा नाही वाटतं." माझे कान तापले. तेव्हाच ठरवलं, आधी साखर खाली आणायची, मगच तोंड दाखवायचं. पाहुणे यायच्या आत घर आवरावं तसं. महिनाभर चालायला गेले, गोड सोडलं. मग कामाची गर्दी आली, दिवस दिवस मशीनवर बसले, साखर पुन्हा वर. दवाखान्यातली मुलगी फोन करायची, "ताई, तुमची तारीख गेली, येऊन जा ना, कोणी रागावणार नाही." मी सांगायचे, घरी पाहुणे आहेत. कुठले पाहुणे! ह्यांचा एक मित्र सोडला तर वर्षभरात कोणी उंबरा ओलांडलेला नाही. ह्यांनाही मी काही कळू दिलं नाही. आणि तुला तरी काय सांगणार? भाऊजींच्या आजारपणात तू आधीच पार थकली होतीस.

गेल्या गुरुवारी गेले शेवटी. डॉक्टर एका शब्दानंही रागावले नाहीत, म्हणून मला रडू फुटलं. डाव्या डोळ्याचं गेलं त्यातलं फारसं परत येणार नाही म्हणाले. उरलंय ते टिकवायला डोळ्यात इंजेक्शन, आणि उजव्यातही सुरुवात झाली आहे, तिथे लेझर. आता थांबायचं नाही. सोबत कोण आहे, त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बहीण." ते म्हणाले, "बोलवा की आत." बाहेर कोणीच नव्हतं. त्यांनी चिठ्ठीवर येत्या गुरुवारचे सकाळचे दहा लिहिले आणि म्हणाले, "तेव्हा आणा त्यांना." ताई, मला सुईची भीती नाही, जन्मभर सुयाच हाताळल्या. भीती माझीच आहे. ह्या दीड वर्षात त्या दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन मी तीनदा परत फिरले आहे. कोणी अडवलं नाही, मीच वळले. तू बाजूला असलीस की मला वळता येणार नाही, लहानपणी तू माझं मनगट कसं धरायचीस ते मला माहीत आहे. बुधवारी संध्याकाळीच ये. साखर अजून खाली आलेली नाही, घरही आवरलेलं नाही. तरी ये.

तुझीच,
धाकटी