दाराआडचं ग्रहण

२३ ऑक्टोबर २०२२, पांढरकवडा
सातवा महिना लागला. परवा ग्रहण. सासूबाईंनी वेळ विचारून ठेवली. "पावणेपाचपासून दिवस बुडेपर्यंत खोलीच्या बाहेर पाय नाही ठेवायचा." हो म्हटलं. मागच्या वेळी...
नाही लिहवत.

२४ ऑक्टो.
लक्ष्मीपूजन. हे ट्रक घेऊन हैद्राबादला. फोन आला. "उद्या आतच बैसजो." हे सांगतात मले!
लिहूनच टाकते. २०१९ चा डिसेंबर, ग्रहणाचा दिवस, चौथा महिना. सकाळी यांनीच अंगणातून हाक मारली, "ये ना, पाह्य, सूर्य कसा दिसून राह्यला!" एक्सरेची फिल्म माझ्या डोळ्यांपुढं धरली. दोघं हसत होतो. पंधरा दिवसांनी बाळ गेलं. ग्रहणाचा संबंध नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरचे म्हणाले, हिले कोनं सांगितलं होतं बाहेर जायले?
हे तिथंच होते. मान खाली. मीच बोलावलं, असं म्हणाले नाहीत. आजवर नाही.

२५ ऑक्टो.
साडेचारलाच दार लावलं. खिडकीला चादर. सासूबाई ओसरीत, राखणीला. बाहेर पोरं ओरडली, "लागलं, लागलं!"
पत्र्याच्या दाराला खिळ्याचं भोक आहे. दुपार कलली की उन्हाचा गोल ठिपका समोरच्या भिंतीवर पडतो. आज एका बाजूनं कुरतडलेला, घास घेतलेल्या भाकरीसारखा. हे ग्रहणच आत आलं, कळलं तशी घाबरून कोपऱ्यात सरकली.
मग काय झालं कोण जाणे. उठून त्या ठिपक्यापुढं उभी राहिली. पोटावर आला. काहीच नाही. बाळ फिरलं, रोज फिरतं तसं.
तेव्हाही एवढंच झालं होतं, अंगावर ऊन.
"काय करून राह्यली वं?" सासूबाई.
"बसली आहे."

२६ ऑक्टो.
यांचा फोन. "बाहेर नाही गेली ना?"
"नाही. मागच्या वेळी कोनं बोलावलं होतं मले?"
इंजिनाची घरघर थांबली. "मी."
"मंग तुमच्या आईले सांगा. मी नाही सांगत."
"शुक्रवारी येतो." ठेवला.

२८ ऑक्टो., शुक्रवार
दुपारी आले. आंघोळ, जेवण. माझ्याकडं धड पाहिलं नाही. आता ओसरीत बसलेत. सासूबाई शेजारी डाळ निवडून राह्यल्या. मी आत, हे लिहिते.
टीव्ही बंद केला यांनी.
"आई..."
"काय रे?"
यांनी डाळीचं ताट त्यांच्या पुढ्यातून बाजूला सारलं.